ठाणे-नवी मुंबईहून नेदरलँड्सला: जोडप्यांसाठी दाखल्यांपासून कुकरच्या गॅस्केटपर्यंत

नेदरलँड्समधल्या कंपनीचं ऑफर लेटर बहुतेक वेळा घरातल्या एकालाच येतं, पण हलायचं दोघांना असतं. पुढची सगळी माहिती या एका गोष्टीभोवती बांधली आहे. ज्याला नोकरी आहे त्याची कामं कंपनीचा एचआर विभाग बरीचशी मार्गी लावतो. बरोबर जाणाऱ्या नवऱ्याची किंवा बायकोची कामं मात्र कोणाच्याच यादीत नसतात. त्यामुळे सहा महिन्यांनी एकाकडे बँक खातं, विमा, डॉक्टर, लायसन्स सगळं असतं आणि दुसऱ्याला साधी सही करायची तरी पहिल्याची वाट पाहावी लागते. ते टाळता येतं. प्रत्येक पायरीला "दोघांच्या नावाने झालं का?" एवढं विचारत चला.

इथे गृहीत धरलं आहे की एकाचा परवाना 'केनिसमिग्रंट', म्हणजे उच्च कौशल्याच्या कामगाराचा आहे आणि दुसरा जोडीदार म्हणून जातोय. अर्ज कंपनीच करते. तो तिकडच्या इमिग्रेशन खात्याकडे, आयएनडीकडे जातो आणि जोडीदाराचा अर्जही त्याच वेळी देता येतो. त्यासाठी एचआरला पहिल्याच आठवड्यात लेखी सांगा. नंतर वेगळा अर्ज केला की दोघांच्या प्रवासात महिन्या-दोन महिन्यांचं अंतर सहज पडतं.

निघण्याआधी तीन महिने: दाखले

लग्नाचा दाखला सगळ्यात आधी. लग्न लागलं, जेवणावळी झाल्या, पण नोंदणी राहून गेली अशी जोडपी आजही पुष्कळ आहेत. ठाण्यात ही नोंदणी महापालिकेच्या प्रभाग समिती कार्यालयात होते, तर ऐरोली, वाशी, नेरूळ या भागांसाठी नवी मुंबई महापालिकेच्या विभाग कार्यालयात. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल महापालिकेत येतात, तेव्हा बेलापूरला हेलपाटा मारू नका. नवरा-बायको, तीन साक्षीदार, भटजींची सही, लग्नपत्रिका, फोटो, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा एवढी तयारी लागते. दाखला हातात पडला की काउंटर सोडण्याआधी दोघांची नावं पासपोर्टशी अक्षर-अक्षर जुळतात का ते बघा. एका अक्षराचा फरक तिथल्या तिथे दुरुस्त करून घेता येतो. तोच फरक ॲमस्टरडॅमजवळच्या ॲमस्टलवेनमध्ये लक्षात आला तर दुरुस्तीसाठी घरच्यांना खेपा घालाव्या लागतात.

आपल्याकडच्या बायकांची नावाची अडचण खास लक्षात ठेवण्यासारखी आहे. जन्मदाखल्यावर आणि मुंबई विद्यापीठाच्या पदवीवर वडिलांचं नाव व माहेरचं आडनाव असतं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव येतं. डच कार्यालयाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. दोन नावांना जोडणारा कागद म्हणजे लग्नाचा दाखला, म्हणून त्यावर लग्नाआधीचं पूर्ण नाव असायलाच हवं. नाव राजपत्रातून बदललं असेल तर त्या राजपत्राची प्रतही बरोबर घ्या. पासपोर्टमध्ये बदल करायचा असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आधी घ्या आणि व्हिसाचा अर्ज नव्या पासपोर्टवरच करा.

जन्मदाखला दोघांचाही लागतो. तिकडच्या महापालिकेत नाव नोंदवताना तो मागतात. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कित्येक दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, फक्त "मुलगा" किंवा "मुलगी" आणि आईवडिलांची नावं असतात. जिथे जन्म नोंदला आहे त्या कार्यालयातून नाव घालून नवी प्रत घ्यावी लागते. जन्म ठाण्याबाहेर, साताऱ्याला किंवा चिपळूणला झाला असेल तर वेळ जास्त धरा.

मग अपॉस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. भारत २००५ पासून अपॉस्टील करारात आहे आणि नेदरलँड्स आपलं अपॉस्टील मान्य करतं. क्रम असा: आधी राज्य सरकारकडून कागद साक्षांकित होतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टील लागतं. मंत्रालयाची स्वतःची फी एका कागदाला ५० रुपये आहे. बाकी जे घेतात ते एजन्सीचे सेवाशुल्क असते, म्हणून दर दोन-तीन ठिकाणी विचारा. मूळ दाखला लॅमिनेट केलेला असेल तर त्यावर शिक्का आणि स्टिकर नीट बसत नाही. अशा वेळी सरळ नवी प्रत काढा. दाखला नुसता मराठीत असेल तर भाषांतरही लागतं. डच, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या चारच भाषांतले कागद तिकडे जसेच्या तसे चालतात. शक्य असेल तिथे मराठी-इंग्रजी दोन्ही मजकूर असलेला दाखला मागा, म्हणजे भाषांतराचा खर्च वाचतो.

आयएनडीची मंजुरी आली की एमव्हीव्ही नावाचा प्रवेश-व्हिसा तीन महिन्यांच्या आत घ्यावा लागतो आणि तो मिळाल्यावर ९० दिवसांच्या आत देशात पोचावं लागतं. दोघांच्या या तारखा वहीत एकाखाली एक लिहा. सणासाठी एकाने मागे थांबायचं ठरवलं तर त्याची मुदत आधी मोजा.

ठाण्यातलं घर, बँक आणि ओटीपी

परदेशी नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्यानुसार तुम्ही अनिवासी होता. साधं बचत खातं तसंच चालवत राहणं नियमाविरुद्ध आहे. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्या आणि तिकडची बचत इकडे पाठवण्यासाठी वेगळं एनआरई खातं उघडा. फरक थोडक्यात: भारतातलं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, लाभांश वगैरे, एनआरओमध्ये जमा होतं. परदेशातली कमाई एनआरईमध्ये ठेवावी, तिचं व्याज अनिवासींसाठी करमुक्त असतं. पीपीएफचं जुनं खातं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं. नवं मात्र काढता येत नाही. म्युच्युअल फंडाचं केवायसीही बदला.

निघायची तारीख थोडी हातात असेल तर आयकराचा हिशोब मांडा. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याचे त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले तर तो त्या वर्षी निवासी ठरतो. म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत निघणाऱ्याचं आणि डिसेंबरात निघणाऱ्याचं करविवरण वेगळं भरलं जातं. बरोबर जाणाऱ्याचा हिशोब वेगळा मांडा, कारण तो नोकरीसाठी जात नसतो. चार्टर्ड अकाउंटंटला निघण्याआधी एकदा दोघांनी मिळून भेटा.

फ्लॅट भाड्याने देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना आणि सोसायटीला द्यावीच लागते. सोसायटी बिगरभोगवटा शुल्क लावू शकते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्याहून मोठा आकडा बिलात आला तर लेखी हरकत घ्या. अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे मालक अनिवासी असला की भाडं कितीही लहान असो, भाडेकरूला त्यातून टीडीएस कापावा लागतो. दर ३० टक्के अधिक उपकर. करार करतानाच हे भाडेकरूला समजावून सांगा. नाहीतर वर्षअखेरीस भांडण ठरलेलं.

इथल्या कामांसाठी आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाच्या तरी नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवा आणि निघण्याआधीच दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांनीही सही करायला हवी. हेच पत्र परदेशातून करायचं म्हटलं तर दूतावासात साक्षांकन, मग पोस्टाने इकडे, आणि पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक, एवढा लांबचा फेरा पडतो.

दोघांचेही भारतातले मोबाइल नंबर जिवंत ठेवा. बँक, आधार, आयकर या सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे ना ते बघा आणि जमत असेल तर भारतीय सिम ई-सिम करून घ्या, म्हणजे फोनमधली खाचेची जागा डच सिमला मोकळी राहते. महावितरण, महानगर गॅस आणि मालमत्ता कर यांची बिलं ऑनलाइन भरली जातील अशी सोय त्याच दिवशी करा.

दातांचं काम, चष्म्याचे दोन जोड आणि रखडलेल्या तपासण्या ठाण्यातच उरका. नेदरलँड्सच्या मूळ आरोग्य विम्यात मोठ्यांचे दात जवळपास येतच नाहीत.

बॅगेत काय

युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. यात तूप, पेढे, खव्याची मिठाई, चीज सगळं आलं. ताजी फळं आणि पालेभाज्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून आंबे आणि कढीपत्ता घरीच ठेवा. गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कोकम हे कोरडे जिन्नस बिनधास्त न्या. तूप तिकडच्या बिनमिठाच्या लोण्यापासून घरी उत्तम कढतं.

कुकर घेताना तळाला चुंबक लावून बघा. तिकडच्या नव्या घरांत बहुधा इंडक्शन शेगडी असते आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. इंडक्शनवर चालणारा स्टीलचा कुकर, दोन जादा गॅस्केट, एक जादा शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एवढं न्या. लोखंडी तवा चालतो, पण तळ सपाट हवा. तिथेही वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचीच असल्यामुळे मिक्सर जळत नाही, फक्त आपली तीन गोल पिनांची प्लग त्यांच्या सॉकेटमध्ये बसत नाही. अर्थिंगची जोडणी असलेला ॲडॉप्टरच घ्या. दोन पिनांच्या स्वस्त ॲडॉप्टरवर मिक्सर किंवा इस्त्री चालवू नका.

दागिने नेणार असाल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून त्यांचं निर्यात प्रमाणपत्र घ्या. परत येताना तेच दागिने आपले आहेत हे दाखवायला हाच कागद लागतो. १०,००० युरो किंवा जास्त रोख असेल तर युरोपात शिरताना जाहीर करणं सक्तीचं आहे. सगळे मूळ दाखले हातातल्या बॅगेत ठेवा.

घर: सगळ्याची किल्ली

नेदरलँड्समध्ये पत्त्याशिवाय पान हलत नाही. पत्ता असेल तर महापालिकेत नोंद होते, नोंद झाली की बीएसएन हा नागरी क्रमांक मिळतो, आणि बीएसएनवर बँक, विमा, पगार, डॉक्टर सगळं अवलंबून आहे. म्हणून कोणतंही घर बघताना भाडं विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: या पत्त्यावर आमची दोघांची नोंदणी करता येईल का? कंपनीने महिनाभरासाठी दिलेल्या सर्व्हिस्ड अपार्टमेंटलाही हाच प्रश्न. "नाही" असं उत्तर आलं तर ते घर कितीही सुंदर असलं तरी कामाचं नाही.

जाहिरातीत तीन शब्द भेटतील. 'काल' म्हणजे उघडं घर. त्यात पडदे नसतात, दिवे नसतात, बऱ्याचदा जमिनीचं आच्छादनही नसतं, नुसतं सिमेंट असतं. 'खेस्टोफेअर्ट' घरात जमीन, पडदे आणि बहुधा स्वयंपाकाची उपकरणं असतात, फर्निचर नसतं. 'खेम्यूबिलेअर्ट' म्हणजे सगळं लावलेलं. ठाण्यात रिकामा फ्लॅट म्हटला तरी फरशी असतेच, त्यामुळे स्वस्त दिसणाऱ्या 'काल' घरात आपली माणसं फसतात. फरशी आणि पडद्यांचा खर्च भाड्यातली बचत कुठल्या कुठे गिळतो. पहिल्या वर्षासाठी 'खेस्टोफेअर्ट' किंवा सजवलेलं घर बघा.

पैशांचा हिशोब असा: जुलै २०२३ पासून अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकीच घेता येते. समजा भाडं १,८०० युरो आहे. तर अनामत ३,६०० आणि पहिलं भाडं १,८००, म्हणजे किल्ली हातात येण्याआधी ५,४०० युरो जातात. पगार महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास येतो. तोवरचा घरखर्च, सायकली, गाद्या, भांडी धरून हातात याच्या दीडपट रक्कम असावी. बरेच घरमालक भाड्याच्या तिप्पट ढोबळ, म्हणजे कर कापण्याआधीचा, पगार मागतात आणि जोडीदाराची नोकरी अजून नसल्याने एकाचाच पगार मोजतात. घर कुठे आणि केवढं शोधायचं ते यावरून ठरवा.

एजंट घरमालकाचा असेल तर तो भाडेकरूकडून दलाली घेऊ शकत नाही. मागितली तर नाही म्हणा. घर प्रत्यक्ष न बघता आणि करार न करता एक युरोही पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो" हे वाक्य ऐकलं की समजा, सापळा आहे. घर खरंच त्या माणसाचं आहे का हे कडास्टर या जमीन नोंदणी खात्याच्या साइटवर काही युरोंत बघता येतं. त्यासाठी ठाण्यातल्या सातबाऱ्याइतकीही खटपट लागत नाही.

करार दोघांच्या नावाने करा. एकाच्याच नावाचा करार असेल आणि त्याची नोकरी बदलली, प्रवास लांबला किंवा दुर्दैवाने काही बरं-वाईट झालं, तर दुसऱ्याला घर टिकवताना हक्क सिद्ध करत बसावं लागतं. २०२५ पासून नव्या कराराला घराचा गुणतक्ता जोडणं मालकावर बंधनकारक आहे. घराचं क्षेत्रफळ, ऊर्जा दर्जा, स्वयंपाकघर यांना गुण असतात आणि मर्यादित गुणांच्या घराचं कमाल भाडं कायद्याने ठरतं. गुणांपेक्षा भाडं जास्त वाटलं तर 'हूरकोमिसी' या भाडे समितीकडे जाता येतं. पहिल्या दिवशी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या डागांचे आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो काढून मालकाला ईमेल करा. घर सोडल्यावर अनामत १४ दिवसांत, काही कपात असेल तर ३० दिवसांत परत मिळायला हवी. तेव्हा हेच फोटो कामी येतात.

घरात शिरल्यावर पत्रपेटीवर आणि बेलवर दोघांची आडनावं लावा. बँकेचा पिन, डिजी-डी या सरकारी लॉगिनचा कोड, विम्याचं कार्ड, महापालिकेचा कर सगळं टपालाने येतं. पेटीवर नाव नसलं की पत्र परत जातं आणि चार आठवडे फुकट जातात.

पहिला आठवडा

चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याने पोचल्यापासून पाच दिवसांत महापालिकेत, म्हणजे 'खेमेन्ते'त, नोंदणी करायची असते. भेटीची वेळ लवकर मिळत नाही, त्यामुळे ती भारतातूनच घ्या. ॲमस्टरडॅम, हेग, रॉटरडॅम, आइंडहोव्हन या भागांत परदेशी कर्मचाऱ्यांसाठी एक्सपॅट सेंटरं आहेत. तिथे निवास परवान्याचं कार्ड आणि नोंदणी एकाच भेटीत होऊ शकते. दोघांनीही स्वतः जायचं. पासपोर्ट, अपॉस्टील केलेले जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला, भाडेकरार हे सगळं मूळ प्रतींत न्या. लग्नाची नोंद त्याच दिवशी करून घ्या. ती राहिली तर सरकारी कागदांवर तुम्ही दोघं एका पत्त्यावरची दोन सुटी माणसं राहता आणि पुढे कर, निवृत्तिवेतन, वारसा या सगळ्यात त्याची अडचण येते.

भारतातून येणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी लागते. ती 'खे-खे-डे' या सार्वजनिक आरोग्य केंद्रात तीन महिन्यांच्या आत करायची. छातीचा एक्स-रे निघतो, दुखत काही नाही. पत्राची वाट न पाहता स्वतः वेळ घ्या.

बीएसएन मिळाला की बँक. दोघांचं मिळून 'एन/ऑफ' खातं उघडता येतं, ज्यावर दोघांपैकी कोणीही एकटं व्यवहार करू शकतं. पण त्याबरोबर दोघांचं प्रत्येकी स्वतंत्र कार्ड असू द्या. तिथली ट्रेन, ट्राम, बस यांत बँक कार्ड टेकवून चढता-उतरता येतं आणि एका कार्डावर एकच माणूस प्रवास करू शकतो. चढताना जे कार्ड टेकवलं तेच उतरताना टेकवा. फोन टेकवून चढलात आणि कार्ड टेकवून उतरलात तर दोन अपुरे प्रवास धरले जातात आणि जास्तीचे पैसे कापले जातात.

मग डिजी-डी. सरकारी साइटवर शिरण्याची ही किल्ली. अर्ज ऑनलाइन, सक्रिय करायचा कोड टपालाने. प्रत्येकाचं वेगळं डिजी-डी लागतं आणि ते दुसऱ्याने वापरायचं नसतं, नवरा-बायकोतही नाही. जोडीदाराचं डिजी-डी "नंतर करू" म्हणून राहतं आणि मग दवाखान्याचे रिपोर्ट बघायलाही अडतं. दोघांचे अर्ज एकाच संध्याकाळी करा.

विमा आणि डॉक्टर

आपल्याकडे कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बायको-नवरा आपोआप येतात. तिकडे तसं नसतं. प्रत्येक प्रौढाने स्वतःचा मूळ आरोग्य विमा स्वतः घ्यायचा आणि तो चार महिन्यांच्या आत. घेतलात चौथ्या महिन्यात, तरी हप्ता पहिल्या दिवसापासूनचा द्यावा लागतो, म्हणून थांबून काही वाचत नाही. २०२५ मध्ये साधा हप्ता माणशी महिना १५० युरोंच्या वर होता. त्याशिवाय 'आयखन रिसिको', म्हणजे वर्षाला पहिले ३८५ युरो खर्च स्वतः करायचे. फॅमिली डॉक्टरकडे, 'हाउसआर्ट्स'कडे जाणं यात मोजलं जात नाही. रक्ततपासणी, एक्स-रे, तज्ज्ञ डॉक्टर हे मोजले जातात.

हाउसआर्ट्सकडे नाव नोंदवणं हे विम्याच्याच आठवड्यात उरका. घराजवळच्या बऱ्याच डॉक्टरांकडे नवे रुग्ण घेणं बंद असतं, तेव्हा चार ठिकाणी फोन करा. तज्ज्ञ डॉक्टरकडे थेट जाता येत नाही, हाउसआर्ट्सची चिठ्ठी लागते. ताप आला की ते आधी पॅरासिटामॉल आणि विश्रांती सांगतात, आपल्याकडच्यासारखं लगेच अँटिबायोटिक देत नाहीत. म्हणून तक्रार सांगताना किती दिवस, किती ताप, रोजच्या कामावर काय परिणाम, हे नेमकं लिहून न्या. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी आधी 'हाउसआर्ट्सपोस्ट'ला फोन करायचा, जीव धोक्यात असेल तर ११२. गरोदरपणात तपासण्या बहुधा सुईणीकडे, 'फेर्लोस्कुंदिगे'कडे होतात. ती प्रशिक्षित असते आणि गुंतागुंत दिसली की स्वतः हॉस्पिटलला पाठवते.

आणखी एक छोटा विमा घ्या. दुसऱ्याचं नुकसान आपल्या हातून झालं, सायकल कोणाच्या गाडीला घासली किंवा नळ फुटून खालच्या घराचं छत भिजलं, तर भरपाई देणारा 'दायित्व विमा'. महिन्याला काही युरोंत दोघं त्यात येतात.

पगार, ३० टक्क्यांची सवलत आणि लायसन्स

परदेशातून नेमलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा ठरावीक भाग करमुक्त देण्याची ३० टक्क्यांची सवलत आहे. ती जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते आणि २०२७ पासून तिचा दर २७ टक्के होतोय. अर्ज कंपनी आणि तुम्ही मिळून करायचा, नोकरी सुरू झाल्यापासून चार महिन्यांत. उशीर झाला तर मधले महिने हातचे जातात. पहिल्या पगारपत्रकानंतर एचआरला आठवण द्या.

जोडीदारही चांगल्या नोकरीच्या शोधात असेल तर इथे काळजीपूर्वक बघा. ही सवलत परदेशातून नेमणूक झालेल्यालाच आहे. जोडीदार आधी राहायला आला आणि मग तिथेच नोकरी मिळाली, तर ती सहसा मिळत नाही. करारावर सही भारतात असताना झाली असेल तर शक्यता वेगळी. त्यामुळे मुलाखती चालू असतील तर करार झाल्यावर विमान पकडणं फायद्याचं ठरू शकतं.

या सवलतीचा एक फायदा घरच्या दोघांनाही होतो: ज्याला ती मंजूर आहे तो आणि त्याच पत्त्यावर राहणारा जोडीदार भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स परीक्षेशिवाय डच लायसन्सशी बदलून घेऊ शकतात. सवलत नसेल तर भारतीय लायसन्सवर नोंदणीपासून १८५ दिवसच गाडी चालवता येते, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. म्हणून निघण्याआधी ठाणे किंवा वाशी आरटीओतून लायसन्सची मुदत वाढवून घ्या.

पगारात दरमहा ८ टक्के सुट्टीभत्ता बाजूला पडतो आणि तो बहुधा मे महिन्यात एकदम मिळतो. घरखर्चाचं अंदाजपत्रक त्याला न धरता करा. पहिल्या वर्षाचं करविवरण नेहमीच्या फॉर्मवर न भरता 'एम' फॉर्मवर भरतात. ते किचकट आहे, त्या एका वर्षी सल्लागाराचे पैसे देणं योग्य.

जोडीदाराचं काम

केनिसमिग्रंटच्या जोडीदाराला काम करायला वेगळा परवाना लागत नाही. निवास कार्डाच्या मागे तसं छापलेलं असतं. नोकरी, अर्धवेळ काम, स्वतःचा व्यवसाय सगळं चालतं. छोट्या कंपन्यांच्या एचआरला हे माहीत नसतं, म्हणून अर्जातच एक ओळ लिहा की कामाचा परवाना लागणार नाही.

पदवीचं मूल्यांकन करून घ्या. त्यासाठी मूळ गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट लागतात, ते विद्यापीठातून निघण्याआधीच काढा. आयटी, हिशेब, लॉजिस्टिक्स यांत इंग्रजीवर काम मिळतं. नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टरांना 'बिख' ही आरोग्यसेवेतली सरकारी नोंदणी आणि डच भाषा दोन्ही लागतात. शिक्षकांचीही पात्रता सरकारकडून मान्य करून घ्यावी लागते. या क्षेत्रांतल्या माणसाने ठाण्यात असतानाच भाषा सुरू करावी, कारण तिकडे पोचल्यावर पहिले तीन महिने दाखले आणि घरातच जातात.

भाषेसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे गावातलं ग्रंथालय. तिथे गप्पांमधून डच शिकवणारे गट चालतात, बहुतेक ठिकाणी फुकट. इंग्रजी सगळ्यांना येतं म्हणून डच टाळलं तर ऑफिसला जाणाऱ्याचं निभतं. घरी असलेल्याचं जग मात्र एका खोलीएवढं होतं. आठवड्यातले दोन दिवस बाहेरचं ठरलेलं काम लावून घ्या: भाषेचा वर्ग, स्वयंसेवा, पोहणं, काहीही. डिसेंबरात सकाळी पावणेनऊला उजाडतं आणि साडेचारला अंधार होतो. हे महिने एकट्याने घरात काढणं सगळ्यात जड जातं, तेव्हा शक्य असेल तर दोघांनी मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान पोचावं.

परवान्याबद्दल एक गोष्ट दोघांनी जाणून असावी: जोडीदाराचा परवाना पहिल्याच्या परवान्यावर उभा असतो. नोकरी गेली तर केनिसमिग्रंटला नवी शोधायला तीन महिने मिळतात. तेवढ्या काळाचा खर्च दोघांना ज्यातून काढता येईल अशा खात्यात ठेवा.

रोजचं

सायकल जुनी घ्या, पण दुकानातून घ्या. रस्त्यात पन्नास युरोंत मिळणारी बहुधा चोरीची असते. कुलपं दोन लावा, त्यातली एक साखळी खांबाला. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सक्तीचा, आणि चालवताना हातात फोन धरला तर दंड होतो. आपण डावीकडून चालणारे, त्यामुळे पहिले दोन आठवडे चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हे मनाशी घोकत राहा. खूण नसलेल्या चौकात त्याचाच हक्क असतो.

कचरा महापालिकेनुसार वेगळा करायचा: ओला, कागद, प्लास्टिक-धातू, काच आणि बाकीचा. बाटल्या-कॅनवर 'स्टाटीखेल्ट' असतं, छोट्यांवर १५ आणि मोठ्या बाटलीवर २५ सेंट. सुपरमार्केटमधल्या मशिनमध्ये टाकल्या की पैसे परत मिळतात.

भाजीसाठी ॲमस्टलवेन आणि आइंडहोव्हनला भारतीय दुकानं आहेत. पण हेगमध्ये राहणाऱ्यांनी सुरिनामी हिंदुस्तानी लोकांची दुकानं सोडू नयेत. त्यांचे पूर्वज १८७३ पासून करारबद्ध मजूर म्हणून भारतातून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या तेव्हाच्या डच वसाहतीत नेले गेले आणि पुढच्या पिढ्या नेदरलँड्सला आल्या. त्यांच्याकडे दोडका, कारली, गवार, पडवळ ताजं मिळतं. हेगचा मोठा बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. दुपारनंतर भाव उतरतात.

घर बदललं तर नवा पत्ता पाच दिवसांत महापालिकेला कळवायचा, तोही दोघांचा.

वर्षभरात आईवडिलांना बोलवायचं ठरेल. त्यांना शेंगेन व्हिसा लागतो, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा काढावा लागतो. तुमच्याकडून हमीपत्र जातं. त्या फॉर्मवरची सही महापालिकेच्या काउंटरवर अधिकाऱ्यासमोर करायची असते आणि हमी देणाऱ्याच्या जोडीदाराचीही सही लागते. वेळ दोघांची घ्या आणि फॉर्म घरून सही करून नेऊ नका.